वेल्सचा फिटर आणि आमच्या घरची हळद

ज्याच्या कॅसेटी जगभर खपत होत्या, अशा एका गायकाला मी पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "यल्ला, यल्ला, खाली उतर! तुझ्या बापाचा डक्ट आहे काय?"

'चल, चल' अशा अर्थाचं ते अरबी 'यल्ला' सोडलं तर वाक्य मराठीत होतं, हे माझं नशीब. संताप आला की माझं इंग्रजी सगळ्यात आधी पळून जातं.

आता माझी बाजूही ऐकून घ्या. बहरैनची राजधानी मनामा, तिथल्या एका मोठ्या हॉटेलात मी एअर कंडिशनिंगचा सुपरवायझर होतो. बॉलरूमच्या छतालगत थंड हवेच्या जाळ्या होत्या आणि त्या सगळ्या मी त्याच दिवशी सकाळी उभं राहून पुसून घेतल्या होत्या. जेवून परत येतो तर आमच्या शिडीवर एक आडव्या अंगाचा गोरा, विटक्या टी-शर्टात आणि हाफ पँटमध्ये, जाळी उचकटून कोपरापर्यंत हात आत घालून उभा. स्टेज उभारायला लंडनहून आलेल्या कामगारांपैकी कुणीतरी असणार, असं मी धरून चाललो. आदल्याच महिन्यात एका लग्नात सजावटवाल्यांनी माझ्या जाळ्यांना फुगे बांधले होते, तो राग शिल्लक होता. तो याच्यावर निघाला.

माणूस निमूटपणे खाली उतरला, पँटला हात पुसला आणि तोच हात त्याने माझ्यापुढे केला. माझ्या मागे आमचे चीफ इंजिनीअर उभे होते. ते घसा खाकरून म्हणाले, "हेच ते. आज रात्री गाणार आहेत ते."

बॉलरूमला जाड गालिचा होता, नाहीतर जमीन दुभंगण्याची मी वाट पाहिली असती.

"काय म्हणाला हा?" गायकाने चीफना विचारलं.

चीफनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सर, मी त्यांना सांभाळून उभं राहायची विनंती केली."

"मोठी विनंती होती," गायक म्हणाला.

आमचे चीफ वेल्सचे. त्यांना ब्रिटिश म्हटलेलं चालायचं, इंग्लिश म्हटलेलं अजिबात चालत नसे. रजेचा अर्ज द्यायला जाताना मी त्यांच्या गावच्या डोंगरांची चौकशी करून मगच कागद पुढे सरकवायचो. हा गायक येणार हे ठरल्यापासून चीफचा नूरच पालटला होता. तळघरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये रोज चारच्या चहाला ते खाली यायचे आणि त्याची गोष्ट सांगायचे. गायकाचं गाव यांच्या गावापासून एक डोंगर पलीकडे. घरांच्या छपरांवर घालतात तो काळा दगड तिथल्या खाणीतून निघायचा. आपण लहानपणी ज्याच्या पाटीवर गिरवलं, तोच तो दगड. गायकाचा बाप दिवसभर बसून छिन्नीने त्याची पानं सुटी करायचा. धुळीने छाती भरली आणि म्हातारपणाच्या आतच खोकून खोकून गेला. पोराने शाळा सोडली आणि खाणीच्या बॉयलरवर पाईप फिटर म्हणून लागला. रविवारी प्रार्थनेला गायचा, शनिवारी कामगारांच्या क्लबात. तिथली माणसं बिअर पीत, आकडे जुळवायचा जुगार खेळत बसलेली. गाणं आवडलं तरच खुर्ची वळवायची, नाहीतर पाठ करूनच बसायची. याच्या वेळेला खुर्च्या वळायला लागल्या. मग शेजारच्या गावांतून बोलावणी, मग रेकॉर्ड, मग लंडन, मग अमेरिका आणि काळा कोट.

दर चहाला या गोष्टीत एखादा नवा पाईप जोडलेला असे. एकदा तो लंडनला दुधाच्या लॉरीतून गेला, एकदा बिनतिकीट रेल्वेतून. पण दोन गोष्टी चीफनी कधी बदलल्या नाहीत. एक, तो फिटर होता. आणि दुसरी, लंडनचा त्याचा पहिला मोठा कार्यक्रम त्याच्या आईने पाहिला नाही, कारण तो तिचा कपडे धुवायचा वार होता.

फिटर होता या एका गोष्टीवर आमचं सगळं डिपार्टमेंट फुगलं होतं. केरळचे, पेशावरचे, रत्नागिरीचे, सगळे एकमेकांना सांगत होते की येणारा माणूस आपल्या लाइनचा आहे. ज्यांनी त्याचं एकही गाणं ऐकलं नव्हतं, ते जास्त सांगत होते. त्यांत मीही होतो.

घरी, झिंजच्या फ्लॅटमध्ये, जेवताना मी तीच गोष्ट माझे पाईप जोडून सांगायचो. मुलगी इंग्रजी शाळेत, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत. "बाबा, येस्टरडे यू सेड ट्रेन," ती ताटातून मान वर न करता म्हणायची. बायको सहसा माझ्या गोष्टी अर्ध्या कानाने ऐकते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अर्धा कान मिळतो, हेही पुष्कळ. पण ही गोष्ट ती पोळी हातात तशीच धरून ऐकत होती.

"मागं कोण होतं त्याच्या?" तिने एक दिवस विचारलं.

"मागं म्हणजे?"

"गाताना हो. पहिल्यांदा एकटा पुढं उभा राहिला तेव्हा. मागं धरणारं कोण होतं?"

"मला काय माहीत? बॉयलर असेल."

"तुम्हाला विचारलं हेच चुकलं," ती म्हणाली.

तिने हे का विचारलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आम्ही रायगडकडचे आगरी. आमच्या लग्नात धवलारीण लागते. ही बाई बसून धवले म्हणते, लग्नाच्या एकेका विधीचं एकेक लांबलचक गाणं, वाद्य काही नाही. तेलाला वेगळं, हळदीला वेगळं, मांडवाला वेगळं. माझ्या सासूबाई पेणकडच्या नावाजलेल्या धवलारीण. मोसमात मिठागरावर मीठ ओढायचं आणि लगीनसराईत धवले म्हणायचे, असा त्यांचा जन्म गेला. बायको लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसायची. आई ओळ म्हणणार, लेक तीच ओळ मागून उचलणार.

बायकोची थोरली बहीण लवकर गेली. तिची मुलगी सासूबाईंनीच वाढवली, नर्सिंगला घातली, आणि ती आमच्या पाठोपाठ बहरैनच्या एका हॉस्पिटलात लागली. तिचं लग्न ठरलं तेही आमच्याच समाजातल्या मुलाशी, गोदीत वेल्डर होता. दोघांना एका वेळी रजा मिळेना. याची मंजूर झाली की तिची शिफ्ट बदलायची, तिची झाली की याचं जहाज यायचं. शेवटी ठरलं की लग्न इथेच करायचं, मे महिन्यात, आणि हळद आदल्या दिवशी. सासूबाईंच्या गुडघ्यांना विमान झेपणारं नव्हतं. मग धवला कोण म्हणणार?

गावात फोन एकट्या वाण्याकडे होता. सासूबाई ठरल्या वेळी तिथे येऊन बसायच्या. त्यांचा आवाज असा की मी रिसीव्हर टेबलावर ठेवून द्यायचो, घरभर ऐकू यायचं.

"धवल्याबिगर हलद लावायची नाय," त्या म्हणाल्या. "आंगाला लागंल, पन पोरीला हलद लागली असा कोन म्हननार नाय."

"आई, मी कशी म्हनू? मना पुढं म्हनायची सवय नाय."

"मंग कोन म्हनंल? जावय?"

मग त्याच म्हणाल्या, "जावय नको."

मी तोंड घालून सुचवलं की सासूबाईंनी तिकडे कॅसेट भरून पाठवावी, आपण टेपवर लावू. माझ्या मते हा तोडगा उत्तम होता.

"क्यासेट थांबंल का?" टेबलावरून आवाज आला. "हलद लावनारीचा हात थांबला तं क्यासेट थांबंल? मामाचा नाव कोन घालंल त्यात, क्यासेट?"

खरं होतं. धवला विधीच्या पायाने चालतो. कोण हळद लावतंय, मामा कोण, मामी कोण, सगळ्यांची नावं त्या त्या वेळी ओळीत गुंफावी लागतात. मी टेपचा विषय पुन्हा काढला नाही. पण भाचीने काढला. "मावशी, नसेल जमत तर राहू दे ना. आपण टेप लावू, मला चालेल," असं ती म्हणाली. तिने ते इतक्या समजुतीने म्हटलं की बायकोला जास्तच लागलं. ती न्हाणीघरात गेली आणि धुतलेले कपडे पुन्हा धुवायला लागली.

मी विचारलं, "तुला सगळे धवले येतात. मग अडतंय काय?"

"दम अडतो," ती म्हणाली. "आई ओळ म्हणते आणि दम घेते. तेवढ्या वेळात मी ती ओळ धरून ठेवते, तोवर आईला पुढचं नाव सुचतं. आता पुढं मी बसले तर मागं कोण? मी दम घेतला की धवला तुटणार."

"तुटला तर काय होतं?"

"बायका बडबडायला लागतात," ती म्हणाली. "एकदा बडबडायला लागल्या की हळद म्हणजे नुसतं अंगाला पिवळं फासणं."

मराठी मंडळातल्या एक बाई, माहूजमध्ये राहणाऱ्या, फार प्रेमळ. त्यांनी मदतीची तयारी दाखवली. "मी कीबोर्डवर सूर देते, आपण चाल थोडी बसवून घेऊ, तीन मिनिटांत होईल," म्हणाल्या. बायको त्यांच्या घरी जाऊन आली ती डोकं धरून. धवला तीन मिनिटांत बसवणं म्हणजे खाडी बादलीत बसवणं, एवढंच बोलली.

तर अशा घरातून मी त्या दिवशी कामाला निघालो होतो. आणि निघताना बायकोने बजावलं होतं, "तो माणूस भेटला तर विचारा हां. मागं कोण होतं म्हणून."

भेटला तो असा, शिडीवर.

गायकाची तक्रार साधी होती. थंड हवा थेट स्टेजवर उतरते, घसा सुकतो. शिवाय कार्यक्रमाच्या शेवटी एक अगदी हळू गाणं आहे, त्यात डक्टची घरघर ऐकू येते. तो स्टेजवर असेपर्यंत एसी बंद पाहिजे.

मे महिना. बहरैन. भरलेला हॉल. मी चीफकडे पाहिलं, चीफनी माझ्याकडे. शेवटी ठरलं की दुपारपासून हॉल चांगला थंड करून ठेवायचा आणि तो स्टेजवर चढला की पंखे बंद करायचे. भिंती, गालिचा, खुर्च्या सगळं गार पडलेलं असलं की ती थंडी बराच वेळ पुरते. "पुरेल ना?" चीफनी विचारलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "इंशाल्ला." हा शब्द आम्ही खात्री नसताना वापरतो हे चीफना ठाऊक होतं.

गायकाला आमचा प्लांट रूम बघायचा होता. तळघरात नेला. तिथली घरघर, तेलाचा वास, घाम आलेले पाईप बघून त्याचा चेहरा जो खुलला तो मी विसरलो नाही. एका पाईपवर त्याने तळवा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. आमच्या माणसांनी त्याला चहा दिला, डब्याच्या झाकणावर बिस्किटं दिली. तो खोक्यावर बसला. तेव्हा मी धीर करून, माझ्या वाकड्यातिकड्या इंग्रजीत, बायकोचा प्रश्न विचारला. लग्न, हळद, दम, सासूबाई, सगळं सांगावं लागलं. जिथे माझी गाडी रुतली तिथे चीफनी ढकलली.

तो हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "मागे कुणी नव्हतं. गावच्या प्रार्थनेत मी नेहमी मागच्याच रांगेत होतो, खालचा सूर धरणारा. क्लबात पहिल्यांदा पुढे उभा राहिलो आणि मागे बघितलं तर भिंत. मग समोर बसलेल्यांनाच कामाला लावलं. त्यांना म्हटलं, मी श्वास घेईन तोवर हे धरा."

"धरलं त्यांनी?"

"आधी कुणी नाही. मग एकाने. मग लाज वाटून सगळ्यांनी."

मी धावत जाऊन घरी फोन केला. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गावच्या माणसांना येत असेल. इथं कोणाला येतंय?" आणि मग, "मला बघता येईल का त्याला?"

चीफनी दिव्यांच्या केबिनमध्ये तिची सोय केली. केबिन हॉलच्या एका कडेला, काचेच्या मागे. ती ठेवणीतली रेशमी साडी नेसून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "अहो, इथं बर्फ पडलाय का?"

पडायचाच बाकी होता. कमी पडू नये म्हणून मी दुपारपासून सगळ्या यंत्रांचं तापमान तळाला नेलं होतं. हॉलमध्ये उघड्या खांद्यांच्या मडमा नवऱ्यांचे कोट घालून बसल्या होत्या. एका टकलू साहेबाने डोक्यावर नॅपकिन पांघरला होता. वेटर सांगत होते की सगळी टेबलं सूप मागतायत. चीफ माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "हॉल थंड करायला सांगितला होता. आपल्याला मासे ठेवायचे नव्हते." बायकोने माझा कामाचा जादा बॉयलर सूट साडीवरून चढवला, बाह्या दुमडल्या आणि काचेला नाक लावून बसली.

गायक स्टेजवर आला, मी पंखे बंद केले. एसी बंद पडल्यावर जी शांतता होते ती लोकांना आवडते म्हणतात. आम्हा एसीवाल्यांचा हात मात्र आपोआप फ्यूजकडे जातो.

त्याने मोठमोठी गाणी म्हटली, वाद्यवृंद दणाणून वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, थोडं अंग गरम व्हावं म्हणूनही असेल. मधूनमधून तो स्वतःची गोष्ट सांगत होता आणि ती चीफच्या गोष्टीपेक्षा बरीच छोटी होती. तो लंडनला बसने गेला होता. मुलीला हे सांगायचं नाही असं मी मनात ठरवलं.

शेवटी त्याने वाजवणाऱ्यांना थांबायला सांगितलं. म्हणाला, हे आमच्या खाणीवरच्या लोकांचं गाणं, आमच्या वेल्श भाषेतलं. मी श्वास घेईन तेव्हा तुम्ही सूर धरून ठेवायचा. त्याने एक खालचा सूर देऊन दाखवला. पहिली ओळ झाली, त्याने श्वास घेतला आणि हॉलमध्ये कुणी हुं की चूं केलं नाही. बँकर लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला त्याच्यासाठी घाम फुटला; हॉल आता गरमही होत होता, पण तो घाम वेगळा होता. दुसरी ओळ संपली तेव्हा मागच्या दाराजवळून एक जाड आवाज उठला आणि त्याने सूर उचलला. आमचे चीफ. दाराला टेकून, डोळे मिटून, टाय सैल करून गात होते. मग त्यांच्या जवळचं टेबल, मग पुढचं, मग नॅपकिनवाला साहेब. सगळा हॉल मधमाश्यांसारखा धरून राहिला आणि त्याच्यावरून तो माणूस, हातात माईकही न धरता, गात राहिला.

मी केबिनमध्ये गेलो. बायकोच्या डोळ्यांत पाणी असेल असं मला वाटलं होतं. ती गायकाकडे बघतच नव्हती. ती चीफकडे बघत होती.

"तुमचे साहेब शब्द विसरलेत," ती म्हणाली.

"काहीतरीच काय! त्यांची भाषा आहे ती."

"अहो, तोंडाकडे बघा. शब्द नाहीत. नुसता शेवटचा सूर धरून आहेत." ती बॉयलर सूटच्या बाह्या खाली सोडत उठली. "तरी तुटत नाहीये."

दुसऱ्या दिवशी चहाला मी चीफना भीत भीत विचारलं. ते लाल झाले. आजीशी बोलायचो तेवढी भाषा होती, म्हणाले, आजी गेली तशी निम्मी भाषाही गेली. मग म्हणाले, "पण तुला कसं कळलं?" मी बायकोचं नाव सांगितलं. त्यांनी मला बजावलं की त्या बाईला माझा नमस्कार सांग, आणि गायकाला यातलं काही कळवू नकोस.

बायकोने नमस्कार घेतला आणि उलट निरोप पाठवला: शुक्रवारी हळद आहे, साहेबांनी यायचं आहे.

"पुरुषानं सूर धरलेला चालतो का?" मी विचारलं. तिनेही तेच सासूबाईंना फोनवर विचारलं.

"आवाज हाय का त्याला?" टेबलावरून प्रश्न आला.

"हाय."

"मंग धरू दे."

हळद तुबलीला होती, आमच्या रत्नागिरीच्या चाचांच्या गॅरेजमध्ये. चाचा आणि मी एकाच वर्षी बहरैनला उतरलो. शुक्रवारी गॅरेज बंद, म्हणून त्यांनी गाड्या बाहेर काढून, तेलाचे डाग भुसा टाकून घासून, दोन खांबांना खजुराच्या फांद्या बांधून मांडव करून दिला होता. पाटावर भाची, समोर वाटीत हळद, भोवती सतरंजीवर बायका: चाची, त्यांच्या सुना, माहूजच्या कीबोर्डवाल्या बाई, भाचीबरोबरच्या मल्याळी नर्सेस. चीफ टाय लावून आले होते आणि एका आडव्या टायरवर बसले होते, कारण खुर्ची त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंना दिली होती.

बायको पाटाशेजारी बसली. पदर खोचला. मग मराठीत, हिंदीत आणि उरलेलं हाताने, तिने सगळ्यांना सांगितलं: "शब्द बघू नका. माझी ओळ संपेल तिथला शेवटचा सूर धरायचा. मी दम घेईन. तोवर सोडायचा नाही. एवढंच."

बायकांनी माना डोलावल्या. तिने पहिली ओळ म्हटली. तिचा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं असं म्हणत नाही, पण तो नेहमी दुसऱ्या आवाजाच्या मागून आलेला मी ऐकला होता. पुढून आलेला पहिल्यांदाच ऐकला. ओळ संपली. तिने दम घेतला.

कुणी धरलं नाही.

मग एका नर्सने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं, एका सुनेने मुलाला हाक मारली, आणि बडबड सुरू होणार हे मला दिसलं. हळद लावणारीचा हात हवेतच थांबला. भाची मान खाली घालून बसली होती. तिने मावशीकडे पाहिलं नाही, मुद्दामच. मी चीफकडे पाहिलं. ते टायरवर ताठ बसून, पाहुण्यासारखे, कुणीतरी बाईने आधी सुरुवात करण्याची वाट बघत होते.

बायकोने कुणाकडे बघितलं नाही. तिने तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा सावकाश, आणि शेवटी पोहोचताच हात वर केला.

चाचीने उचलला. चाचींच्या घरीही लग्नात बायका गातात, त्यांना धरायची सवय. त्यांच्या मागून सुना, मग कीबोर्डवाल्या बाई, फार बारीक आणि फार शुद्ध, मग नर्सेस, आणि सगळ्यांच्या खालून, जमिनीतून यावा तसा, टायरवरचा आवाज. भाचीला तो ऐकून हसू फुटलं. हळदीचा हात तिच्या गालाला लागला तो त्या हसऱ्या गालाला.

मग धवला चालला. काही सफाईने चालला नाही. कुणी सूर फार वेळ धरून ठेवायचं, बायको हात करून थांबवायची. कुणी मधेच सोडायचं, दुसरी उचलायची. तिने मामाचं नाव घातलं, गेलेल्या आईचं घातलं, चाचीचं घातलं. चाचीने पदराने नाक पुसलं. मग एका ओळीत तिने तिकडे पेणजवळच्या गावात वाण्याच्या दुकानात फोनपाशी बसलेल्या आजीला आणून पाटाशेजारी बसवलं. असं नाव हळदीत घालतात की नाही मला माहीत नाही. भाचीने मावशीचा हात धरला, दोघींचे हात पिवळे झाले, आणि सूर मात्र कुणी सोडला नाही.

जेवणाआधी चाचांच्या ऑफिसातून फोन लावला.

"तुटला?" सासूबाईंनी विचारलं.

"एकदा."

"एकदा चालतो," त्या म्हणाल्या. "माझा तं लय येला तुटलेला हाय. कोनाला सांगू नको."

परतताना गाडीत बायको माझ्या शेजारी, मुलगी मागे झोपलेली, माझ्या स्टिअरिंगला हळदीचे ठसे. खाडीच्या कडेने आम्ही हळू चाललो होतो. बायको थकली होती आणि खूश होती, हे तिने सांगायची गरज नव्हती. तिने चपला काढून पाय सीटवर घेतले होते. मी वाट बघितली. चाचींचं कौतुक झालं, चीफचं झालं, नर्सेसचं झालं. माझं काही येईना. शेवटी मीच म्हणालो, "मीही धरला होता हं सूर. तुझ्या लक्षात आलं असेल."

"आलं," ती म्हणाली. "ओठ हलत होते, आवाज नव्हता. तेवढं तुम्ही फार चांगलं केलंत."